जुना पिकअप ट्रक स्वतःहून पळतो, क्रूझ सुटत नाही: तपासायला सुरुवात कुठून करायची

जुना पिकअप घेतला, सुरुवातीला मस्त चालला आणि मग कधीतरी हायवेवर गॅसवरून (म्हणजे ॲक्सिलरेटरवरून) पाय काढला तरी ट्रक हळू व्हायचं नावच घेईना, किंवा क्रूझ (म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी यंत्रणा) लावलं ताशी ६५ मैलाला आणि काटा सरकत सरकत ७२ वर गेला, असं झालेले आपल्या ओळखीत चार-पाच जण तरी सहज निघतील. गंमत म्हणजे गॅरेजमध्ये नेलं की तोच ट्रक गरीब गाईसारखा वागतो. स्कॅनर लावला तर बिघाडाचा कोड नाही, टेस्ट ड्राइव्हला काही नाही, मग मेकॅनिक म्हणतो मला तर काही दिसत नाही पण एक सेन्सर बदलून बघू, सेन्सर बदलतो, पैसे जातात आणि काही दिवसांनी परत तेच.

मी टेक्सासमध्ये असतो. माझ्याकडे दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीचा, केबल थ्रॉटलवाला (म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थ्रॉटल, पेडलच्या केबलने उघडते तसला) हाफ-टन व्ही-एट ट्रक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्या काळातल्या जवळजवळ सगळ्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच. या ट्रकने मला हेच सगळं दाखवलं, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली ती म्हणजे "गाडी आपोआप पळते" हा एक आजार नाही, चार-पाच वेगळे आजार एकाच तक्रारीखाली येतात, आणि आधी ते वेगळे केल्याशिवाय पार्ट घेत सुटलात तर खिसा रिकामा होतो आणि ट्रक तसाच राहतो.

पण आधी जीव. चालत्या ट्रकने रेस सोडली नाही तर काय करायचं हे तुमच्या घरात तो ट्रक चालवणाऱ्या प्रत्येकाला आत्ताच सांगून ठेवा. ब्रेक एकदाच, दोन्ही पायांचा जोर लावून, आणि धरून ठेवायचा. पंप करायचा नाही, म्हणजे अजिबात नाही, कारण पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असला की व्हॅक्यूम जवळपास शून्य होतो, बूस्टरमध्ये साठलेला असतो तो एक-दोन दाबांत संपतो आणि मग पेडल दगड होतं. ब्रेक धरला की लगेच न्यूट्रल. इंजिन बोंबलेल, आरपीएम लिमिटरला जाऊन आपटेल, आपटू दे, चाकांना ताकद मिळत नाही हे महत्त्वाचं. मग बाजूला घ्या, थांबा, पार्क, इंजिन बंद. किल्लीवाल्या गाडीत चालता चालता बंद करायची वेळ आलीच तर किल्ली एकच घर मागे, पूर्ण लॉकपर्यंत नाही, नाहीतर स्टीअरिंग लॉक व्हायची भीती. बटणवाल्यात बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, चालत्या गाडीत नुसतं टिचकी मारून इंजिन बंद होत नाही. हे न्यूट्रलचं रिकाम्या पार्किंगमध्ये एकदा करून बघा. कॉलम शिफ्टवर (गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबाला असतो त्यात) घाईत हात कुठवर ओढायचा ते हाताला माहीत असलं पाहिजे.

(डिझेलवाल्यांसाठी एवढंच: टर्बोच्या सीलमधून स्वतःचं ऑइल ओढून इंजिन सुसाट सुटतं तो प्रकार निराळा, त्यात किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही, हवा बंद करावी लागते. इथे मी फक्त पेट्रोलच्या ट्रकबद्दल लिहितोय, म्हणजे इथले लोक ज्याला गॅस म्हणतात ते.)

आता निदान. पहिला प्रश्न, हे होतं तेव्हा क्रूझ चालू असतं की बंद? दुसरा, ट्रक उभा असताना आयडलला (पेडलला पाय न लावता) आरपीएम किती? तिसरा, पेडलखाली पायाचं बोट घालून पेडल वर ओढलं तर रेस उतरते का? (हे ट्रक उभा करून, पार्कमध्ये करायचं, चालवताना खाली वाकायचं नाही.) उतरली तर अडचण पेडल, मॅट किंवा केबलमध्ये. नाही उतरली तर पुढे हूडखाली, म्हणजे बॉनेटखाली. या तीन उत्तरांत अर्धं काम होतं, आणि मेकॅनिककडे जाताना हीच उत्तरं घेऊन जा. "कधी कधी पळते" एवढ्यावर तो बिचारा काय करणार.

सगळ्यात आधी पायाखाली बघा. हसू नका. जुन्या ट्रकमध्ये आधीच्या मालकाने कंपनीच्या कार्पेट मॅटवर जाडजूड रबरी मॅट टाकलेली असते, हुक तुटलेले असतात आणि मॅट पुढे सरकून गॅस पेडलच्या टोकाला अडकते. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी जी मोठी मोहीम काढली ती याच कारणासाठी, आणि त्यात टॅकोमा आणि टंड्रा हे पिकअपही होते. पुढे जानेवारी २०१० मध्ये त्यांनीच आणखी २३ लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा कारण पेडलच्या आतल्या घर्षणाच्या भागाचं होतं, तो झिजून आणि ओलाव्याने पेडल हळू परत यायचं किंवा मध्येच अडकायचं. तर मॅट एकच ठेवा, हुकात अडकवलेली, आणि पेडल पूर्ण खाली दाबून मॅटपर्यंत अंतर राहतंय का ते हाताने बघा.

मॅट ठीक आहे, मग हूड उघडा. केबलवाल्या ट्रकमध्ये थ्रॉटल बॉडीच्या बाजूला एक छोटा लिव्हर असतो, त्याला बहुतेक वेळा दोन केबल येतात, एक पेडलची आणि दुसरी क्रूझच्या मोटरची. इंजिन बंद, थंड. हवेचा जाड पाइप काढून ठेवा म्हणजे आतली थ्रॉटलची पितळी पाकळी दिसते. आता लिव्हर हाताने पूर्ण उघडा आणि सोडून द्या. स्प्रिंगने परत येऊन तो स्टॉपच्या स्क्रूवर आपटला पाहिजे, "टक" असा स्वच्छ आवाज येतो. माझ्या ट्रकला दहातल्या सात-आठ वेळा "टक" यायचा आणि बाकीच्या वेळी काहीच नाही. लिव्हर परत यायचा पण स्क्रूच्या एक केसभर आधी थांबायचा, आणि बोटाने हलकासा ढकलला की मग टक. केसभर म्हणजे इंजिनला किती? उभ्या गाडीला अठराशे-दोन हजार आरपीएम, म्हणजे सपाट रस्त्यावर पाय न लावता ट्रक ताशी ४० मैलाने निवांत जात राहतो.

कारण अगदी क्षुल्लक निघालं. क्रूझच्या केबलचं बाहेरचं आवरण ज्या ब्रॅकेटमध्ये बसतं तिथली प्लास्टिकची क्लिप उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ होऊन अर्धी तुटली होती, त्यामुळे आवरण थोडं पुढेमागे सरकायचं आणि केबलच्या टोकाचा मणी लिव्हरच्या खाचेत तिरका बसायचा. क्रूझने केबल ओढली की मणी तिरका होतो, क्रूझ सोडलं की केबल ढिली पडते पण मणी कडेला अडकून लिव्हर धरून ठेवतो. म्हणून मला वाटायचं क्रूझ सुटत नाही. क्रूझ केव्हाच सुटलेलं असायचं, मागे राहायची ती केबल. गॅरेजमध्ये हे दिसत नव्हतं कारण टेस्ट ड्राइव्हला कोणी वीस-पंचवीस मिनिटं क्रूझ लावून जातच नाही, आणि कॉम्प्युटरला कोड यायचं कारण नाही, त्याच्या दृष्टीने थ्रॉटल थोडा उघडा आहे म्हणजे ड्रायव्हरचा पाय आहे, संपलं. तोपर्यंत एका गॅरेजने थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्ह दोन्ही बदलून झाले होते. दोन्ही जुने पार्ट चांगले होते, अजून माझ्या शेल्फवर आहेत.

क्लिप सुटी मिळत नव्हती, सॅल्व्हेज यार्डमधून तशाच ट्रकची अख्खी केबल आणली. बसवताना एकच काळजी, थ्रॉटल बंद असताना क्रूझच्या केबलला किंचित ढील पाहिजे, ताठ बसवली तर तीच थ्रॉटल उघडी धरेल, फार ढिली ठेवली तर क्रूझची मोटर आधी ढील खाते, मग जास्त ओढते, मग सोडते आणि ट्रक ६३-६७-६३ असा झोके घेत राहतो. ती झोक्यांची तक्रार असेल तर पार्ट बदलायच्या आधी केबलची ढील बघा.

या केबलच्या भानगडी नवीन नाहीत. फोर्डच्या २००१ ते २००४ च्या व्ही-सिक्स एस्केप गाड्या २०१२ मध्ये परत बोलावल्या होत्या त्याचं कारण हेच घराणं, क्रूझच्या केबलचा जोड आणि इंजिनचं कव्हर यात जागा कमी, पेडल पूर्ण दाबलं की जोड तिथे अडकायचा. त्याहून जुनी गोष्ट शेव्हरोलेची, १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने ६७ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या कारण इंजिन माउंट तुटून इंजिन एका बाजूने उचललं जायचं आणि थ्रॉटलची जोडणी ओढली जायची. हे मी इतिहास म्हणून सांगत नाहीये, जुन्या व्ही-एट ट्रकमध्ये माउंटचं रबर आजही कुजतं. बघायची पद्धत: हूड उघडं, एकाने ब्रेक घट्ट धरून डी आणि आर मध्ये आलटून पालटून हलकी रेस द्यायची, दुसऱ्याने ट्रकच्या बाजूला उभं राहून बघायचं. समोर उभं राहायचं नाही, मागेही नाही. इंजिन थोडं हलणारच पण इंचभर उडी मारत असेल तर माउंट गेलं, आणि रेस देताना केबल ताणली जातेय का तेही तेव्हाच दिसतं.

आता थ्रॉटल बॉडी घाण असेल तर एक वेगळाच प्रकार होतो, तो लोक "अचानक पळाली" म्हणून सांगतात. पाकळीच्या कडेला काळा चिकट थर जमतो, पाकळी बंद जागी चिकटते, सिग्नलला थांबून निघताना तुम्ही हलका पाय लावता, काही होत नाही, थोडा जास्त लावता आणि ती चिकटलेली पाकळी एकदम सुटते, ट्रक पुढच्या गाडीवर झेपावतो. पार्किंगमध्ये भिंत समोर असताना हे झालं की घाम फुटतो. उपाय स्वस्त, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा आणि फडकं. साधा कार्ब क्लीनर सगळीकडे मारू नका, काही पाकळ्यांवर कोटिंग असतं ते जातं. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली बंद ठेवूनच बोट घाला, किल्ली चालू असताना ती पाकळी मोटरने फिरते आणि बोट जायबंदी होऊ शकतं. साफ केल्यावर इलेक्ट्रॉनिकवाल्यात आयडल थोडे दिवस चढा राहू शकतो कारण कॉम्प्युटर घाणीचा हिशोब धरून पाकळी उघडत होता, बऱ्याच गाड्यांना आयडल परत शिकवायची एक पद्धत असते ती त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

क्रूझ बंद असताना, उभा ट्रक आयडललाच हजार-बाराशेच्या वर असेल आणि डी टाकल्यावर ब्रेकवर जोर लावून धरावा लागत असेल तर बहुतेक कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय. गरम इंजिनला साधारण साडेपाचशे ते साडेसातशे ठीक. पी ०५०७ हा कोड असेल तर तो हेच सांगतो, आयडल अपेक्षेपेक्षा जास्त. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या नळीचा) रबरी कोपरा हा पहिला संशयित, तो नेहमी मागच्या बाजूला, दिसत नाही तिथे, फाटलेला असतो. दुसरा ब्रेक बूस्टरचा पाइप, तो फाटला तर रेस चढते आणि ब्रेकचं पेडलही कडक होतं, दोन्ही लक्षणं एकत्र आली तर सरळ तिकडेच जा आणि ट्रक चालवू नका. इथे एक बारकावा: ज्या इंजिनात मॅप सेन्सर (आतला हवेचा दाब मोजणारा) आहे तिथे फुकटची हवा गेली की कॉम्प्युटर तिला धरून पेट्रोलही वाढवतो आणि रेस चढते, ज्यात मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा तोंडाशी मोजणारा) आहे तिथे ती हवा मोजलीच जात नाही म्हणून मिश्रण पातळ होतं, पी ०१७१ किंवा ०१७४ येतात आणि आयडल धडपडतो. गळती शोधायला पेटणारे स्प्रे मारायचा सल्ला लोक देतात, गरम एक्झॉस्टजवळ मी तरी मारत नाही, साबणाचं पाणी आणि कान पुरतात, नाहीतर गॅरेजवाल्याला स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करायला सांगा.

आता खुद्द क्रूझ. इथे तक्रारी दोन उलट्या दिशांच्या असतात, लागतच नाही किंवा सुटतच नाही, आणि दोन्हींचा रस्ता बऱ्याचदा एकाच जागेवरून जातो, ती म्हणजे ब्रेक पेडलवरचा स्विच. त्यात बहुतेक वेळा दोन संपर्क असतात, एक पेडल दाबल्यावर जोडला जातो आणि मागचे दिवे लावतो, दुसरा पेडल दाबल्यावर तुटतो आणि क्रूझ सोडवतो. कोणाला तरी मागे उभं करा, पेडल अगदी हलकं दाबा, पहिल्या अर्ध्या इंचातच दिवे लागले पाहिजेत. खूप दाबल्यावर लागत असतील तर स्विच सरकलाय. कायमचेच लागलेले असतील तर क्रूझ लागणार नाही, बॅटरी उतरेल आणि ब्रेक न दाबताही पार्कमधून गिअर निघेल. अजिबात लागत नसतील तर पार्कमधून गिअर काढताना अडेल आणि क्रूझ ब्रेकने सुटेलच याची खात्री नाही, आणि हा तिसरा प्रकार असेल तर क्रूझला हात लावायचा नाही, स्विच बदलेपर्यंत. पी ०५७१ या स्विचच्या सर्किटचा कोड. स्विच स्वस्त असतो, बदलायला मान वाकडी करून डॅशखाली झोपावं लागतं एवढंच.

जुन्या व्हॅक्यूमच्या क्रूझमध्ये पेडलजवळ अजून एक छोटा व्हॉल्व्ह असतो, ब्रेक दाबला की तो हवा सोडून क्रूझला ढिलं करतो, म्हणजे वीज फसली तरी सुटका. तो व्हॉल्व्ह किंवा त्याचा बारीक पाइप आधीच्या मालकाने टेप लावून बंद केलेला मी पाहिलाय. का, तर क्रूझ लागत नव्हतं म्हणून! पाइप गळत होता, याने सुरक्षेचा व्हॉल्व्हच बंद करून टाकला. जुना ट्रक घेताना तिथे एक नजर टाकाच.

आणि ट्रेलरची वायरिंग. आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर, साउंडचे डबे, टेबलं असलं सगळं माझ्या ट्रकमागे ट्रेलर लावूनच जातं त्यामुळे हा भाग मला जरा जास्तच माहीत झालाय. आधीच्या मालकाने ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरसाठी ब्रेक स्विचच्या वायरला ती निळी, चिमट्याने दाबायची क्लिप मारलेली असते, ती वायर अर्धी कापते आणि आत हिरवा गंज चढतो. माझ्यात अगदी तेच. क्रूझ लागायचं, रेल्वेच्या रुळांवरून गेलं की सुटायचं, परत लागायचं. क्लिप काढून टाकली, वायर नीट सोल्डर केली, वर हीट श्रिंक चढवली, त्यानंतर क्रूझ कधी रुळांवर सुटलं नाही. याचाच भाऊ म्हणजे एलईडी टेललाइट. काही जुन्या ट्रकमध्ये क्रूझचं मॉड्यूल (त्याचा छोटा कॉम्प्युटर) ब्रेक लाइटच्या साध्या बल्बमधून अर्थिंग (ग्राउंड) शोधतं, बल्ब काढून एलईडी टाकले किंवा सगळे बल्ब उडाले की त्याला अर्थिंग मिळत नाही आणि क्रूझ मेलं असं वाटतं. तर दिवे बदलल्यापासून क्रूझ बंद असेल तर निदानासाठी गॅरेजला पैसे द्यायच्या आधी एका बाजूला जुना बल्ब लावून बघा.

स्टीअरिंगवर बटणं असतील तर त्यांची वायर क्लॉक स्प्रिंगमधून (स्टीअरिंगबरोबर गुंडाळली-उलगडली जाणारी वायरची पट्टी) खाली येते. बऱ्याच ट्रकमध्ये सेट, रिझ्यूम, कोस्ट (वेग कमी करायचं), कॅन्सल ही सगळी बटणं एकाच वायरवर असतात, प्रत्येकाचा रेझिस्टन्स वेगळा आणि मॉड्यूल त्यावरून ओळखतं कोणतं दाबलं. संपर्क घाण झाले किंवा क्लॉक स्प्रिंगची पट्टी चिरली की रेझिस्टन्स बदलतो आणि तुम्ही दाबता एक, मॉड्यूल वाचतं दुसरं. सेट दाबून धरलं नसताना वेग चढत जाणं, रिझ्यूम स्वतःहून लागणं, हे इथून होऊ शकतं. खूण म्हणजे स्टीअरिंग वळवताना हॉर्न कधी वाजतो कधी नाही, किंवा एअरबॅगचा दिवा लागतो. यात एअरबॅग आहे, बॅटरी काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय स्टीअरिंग उघडायचं नाही, हात बसलेला नसेल तर दुसऱ्याला द्या.

क्रूझवर वेग चढतो पण केबल, बटणं सगळं ठीक, मग स्पीड सेन्सर. मॉड्यूलला ट्रक हळू होतोय असं दिसलं तर तो गॅस देणारच, त्याची काय चूक. स्पीडोमीटरचा काटा मध्येच खाली टिचकी मारून वर येत असेल तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर बघा. फोनवर जीपीएसचा वेग लावून शेजारी ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. काटा स्थिर ७० वर आणि जीपीएस कायम ७४ दाखवत असेल तर काही बिघडलेलं नाही, आधीच्या मालकाने मोठे टायर टाकलेत आणि स्पीडोमीटर कोणी जुळवून घेतलेला नाही. चढावर क्रूझ लावल्यावर गिअर खाली पडून आरपीएम तीन-साडेतीन हजारावर जातात तेही नॉर्मल, आवाज मोठा होतो म्हणून ट्रक पळतोय असं वाटतं, काटा बघा, वेग तोच असतो.

२००० नंतर हळूहळू सगळ्यांनीच केबल काढून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणला. तुमचा ट्रक तसला असेल तर वर केबलचं जे लिहिलं ते लागू नाही, बाकी बहुतेक लागू. पेडलमध्ये दोन किंवा तीन सेन्सर असतात, कॉम्प्युटर ते एकमेकांशी ताडून बघतो, जुळले नाहीत की पी २१३८ टाकतो, थ्रॉटलच्या बाजूचं जुळलं नाही तर पी २१३५, आणि ट्रक लिंप मोडला जातो, म्हणजे पळत सुटण्याऐवजी उलट मरगळतो. म्हणून या ट्रकमध्ये "पळतो" ही तक्रार असेल तर मी आधी मॅट, मग घाण थ्रॉटल बॉडी, मग क्रूझची बटणं, आणि सेन्सर शेवटी. टोयोटाच्या त्या प्रकरणात इलेक्ट्रॉनिक्सचा संशय इतका होता की सरकारने नासाच्या इंजिनिअरांना बसवलं, फेब्रुवारी २०११ ला अहवाल आला, भरधाव सुटण्याचं इलेक्ट्रॉनिक कारण त्यांना मिळालं नाही. यावर लोक अजून भांडतात, कोर्टातही गेले, पण तुमच्या ड्राइव्हवेमधल्या ट्रकसाठी क्रम तोच ठेवा.

पण क्रूझचं सॉफ्टवेअर चुकूच शकत नाही असंही नाही. मे २०१८ मध्ये फियाट क्रायस्लरने अमेरिकेत ४८ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात २०१४ नंतरचे रॅम पिकअपही होते. क्रूझ चालू असताना एका विशिष्ट वेळी शॉर्ट झाला तर क्रूझ बंदच होत नाही असा तो दोष, आणि दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटची. आधीच्या मालकाने ते पत्र कचऱ्यात टाकलेलं असू शकतं. त्याआधी फोर्डचं क्रूझ बंद करणाऱ्या स्विचचं प्रकरण, मास्टर सिलिंडरला लावलेला स्विच, किल्ली बंद असतानाही त्यात करंट, आतून ब्रेक फ्लुइड झिरपायचं आणि उभ्या ट्रकला आग लागायची. एफ-१५० सुद्धा होते त्यात, १९९९ ते २००९ मध्ये टप्प्याटप्प्याने एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास गाड्या. तसला जुना फोर्ड आत्ता घेतलात तर हूड उघडून मास्टर सिलिंडरजवळ बघा, स्विचच्या वायरमध्ये नंतर जोडलेला फ्यूजवाला तुकडा दिसला तर काम झालेलं आहे. नसेल दिसत तर ट्रक घरच्या गराजमध्ये लावू नका.

म्हणून जुना ट्रक घेतल्यावर, खरं तर घ्यायच्या आधीच, विंडशील्डखालचा सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याच्या) साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. मालक कितवा आहात याने फरक पडत नाही, डीलरला रिकॉलचं काम फुकट करावंच लागतं. फक्त ट्रक पहिल्यांदा विकल्यापासून १५ वर्षं उलटली असतील तर कायद्याने फुकट करायचं बंधन राहत नाही, तरी विचारा, बरेचदा करून देतात. आणि तुमच्या ट्रकने खरंच उडी मारली असेल तर तिथेच तक्रारही नोंदवा, अशा तक्रारी साठूनच चौकशी उघडते.

एक नाजूक मुद्दा राहिला. उभा ट्रक गिअरमध्ये टाकताना एकदम पळाला आणि "ब्रेक पूर्ण दाबला तरी थांबला नाही" असं कोणी सांगत असेल तर पाय चुकून गॅसवर पडलेला असण्याची शक्यता आधी विचारात घ्या. १९८० च्या दशकात ऑडीवर असाच मोठा गदारोळ झाला आणि १९८९ ला सरकारी अभ्यासाने बहुतांश घटनांत हेच कारण दिलं. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, रुंद सोलचे वर्क बूट, नवा ट्रक, पेडलं जवळजवळ, आणि इंडियाहून आलेले बाबा पहिल्यांदाच ऑटोमॅटिक चालवताहेत. पण घरात हे कसं बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माझ्या ट्रकचं म्हणाल तर केबल आणि ट्रेलरची वायर झाल्यापासून रेस अडकलेली नाही, क्रूझ ऑस्टिनपर्यंत ६८ ला सरळ धरतो. कोस्टचं बटण मात्र डावीकडे वळताना चालत नाही आणि हॉर्नही तेव्हाच दगा देतो, म्हणजे क्लॉक स्प्रिंग. पार्ट मागवलाय, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बसवेन, तोपर्यंत क्रूझ बंद.